बदामाचा कमरपट्टा

धुरपदाबाई राठोड. नाव आधी लिहून टाकते, कारण मी घाबरट आहे आणि घाबरट माणूस काही सांगायला लागला की मधेच भलतीकडे जातो. काय झालं ते पुढं येईलच. कुणी निभावून नेलं ते आधी कळू दे. यवतमाळच्या बाहेर लोहाऱ्याला, कारखान्यांच्या मागच्या वस्तीत त्या राहतात. सगळी गल्ली त्यांना याडी म्हणते. याडी म्हणजे आई, त्यांच्या गोरबोलीत.

पहिल्यांदा मी त्यांना "अहो मावशी" म्हणाले, तेव्हा कुंपणापलीकडून त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

"याडीले अहो म्हनते का कोनी? तुह्या मायले अहो म्हनतं का तू?"

"नव्हते म्हणत," मी म्हणाले.

त्या 'नव्हते'मधलं जे कळायचं ते त्यांना कळलं. "मंग झालं तं," एवढंच बोलल्या. तेव्हापासून मी याडीला तू म्हणते.

मी मूळची आजऱ्याकडची. सातवीनंतर शाळा सुटली. लग्न झालं आणि नवऱ्याला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काम लागलं म्हणून एक ट्रंक आणि दोन गोधड्या घेऊन आम्ही महाराष्ट्राच्या या टोकाहून त्या टोकाला आलो. इथलं सगळंच निराळं. ऊन निराळं, भाजीतलं तिखट निराळं, 'मला' म्हणायचं तिथं 'मले'. दुकानात काही मागायचं तर आधी मनात चार वेळा घोकून जायची. पण एक गोष्ट मात्र आमच्यासारखीच निघाली. आमच्याकडं बायकासुद्धा 'मी जातो, मी करतो' म्हणतात. शाळेत बाईंनी त्यापायी माझ्या हातावर पट्ट्या मारल्या होत्या. आणि इथं पहिल्याच सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "थांब, मी पानी भरतो, मंग येतो." मी भांडी घासायची थांबले. दोनशे कोसांवर कुणीतरी आपल्या बोलीत बोलावं तसं वाटलं.

याडी बोलायची ती बहुतेक झाडाशी. तिच्या अंगणात एक देशी बदाम आहे, थोराड, मजल्यामजल्यानं पसरलेला. माघात पानं लालभडक होऊन गळतात तेव्हा अख्खी वस्ती कचरा कचरा म्हणून ओरडते. झाड कुणी लावलं म्हणून विचारलं तर म्हणायची, "थ्यानंच लावलं सोताले. मी फक्त हाकललं नाई." घाटंजीजवळच्या तांड्यावरून नवऱ्याबरोबर ती इथं आली तेव्हा ते गुडघ्याएवढं होतं. नवरा गेला, दोन्ही मुलं नोकरीपायी लांब गेली, झाड राहिलं.

हातांवर कोपरापर्यंत हिरवं गोंदण. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. उठताना जमिनीला शिवी देऊन उठायची. डॉक्टरनं गुडघे बदलायला सांगितलं होतं. "बदलतो ना," ती म्हणायची, "पन मंग सव्वा महिना मले उठवन-बसवन कोन? या झाडावरल्या खारी?" आणि पदर खोचून स्टुलावर चढायची. खुर्चीत ती कधी बसलेली मी पाहिली नाही. कुणी काही ठासून सांगितलं की "हो का?" म्हणायची. हे "हो का?" ऐकलं की शहाणा माणूस विषय बदलायचा.

बदामाचं काय करायची, तर लाडू. पडलेले बदाम वेचायचे, वाळवायचे, मग दगडावर उभे धरून असा टोला घालायचा की कवच फुटेल पण आतली गरी अख्खी निघेल. बोटभर फळातून शेंगदाण्याएवढी बारीक गरी. दुपारभर टोले घातले तरी वाटी भरत नाही. हे सगळं गल्लीतल्या बाळंतिणींसाठी. कुणाच्याही घरी पाळणा हलला की याडीचा डिंकाचा लाडू पोचणार, त्यात तिच्या झाडाचा बदाम. जात बघायची नाही, ओळख बघायची नाही, भांडण असलं तरी चुकायची नाही. दुकानचा बदाम का नाही घालत म्हणून मी एकदा विचारलं.

"थो कुठून आला, कोनाच्या बापाले ठाऊक? हा मले वयखते." वयखते म्हणजे ओळखतो, इकडं ळ चा य होतो.

या बदामावर दुसरा हक्क सांगणाऱ्या म्हणजे खारी. हिरवा बदाम असतानाच कुरतडायच्या, अर्धा खायच्या, अर्धा टाकायच्या. ते टाकणं याडीला सहन व्हायचं नाही. "खा ना, पन पुरा खा. लेकरं आहे का तुमी, ताटात टाकून द्याले?" वरून खार शेपटी उडवून चिर्रर्र करायची. याडी खालून. कोण कुणाला काय म्हणतंय ते दोघींना कळत असावं, कारण भांडण तासभर चालायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं सुरू व्हायचं.

पण तिच्या अंगणात गलोल चालायची नाही. गल्लीतले पोट्टे घेऊन यायचे, तिच्या मदतीलाच म्हणून. ती गलोल काढून घ्यायची, रबर सोडवून ठेवून घ्यायची आणि नुसतं लाकूड परत करायची. त्या रबरांचा तिला पुढं उपयोग झाला.

आमचे घरमालक वानखडेभाऊ. त्यांचं किराणा दुकान, दुकानामागं त्यांचं घर आणि कुंपणाला लागून आमची पत्र्याची खोली. बदामाची एक फांदी थेट आमच्या पत्र्यावर आलेली. खारींचा तो हमरस्ता. पत्र्याखालच्या फटीत शिरून त्यांनी विजेची वायर कुरतडली, आणि भाऊ भडकले. माणूस वाईट नव्हता. भडकायचा आणि मग भडकलोय तर काहीतरी केलं पाहिजे म्हणून करायचा. त्यांनी दुकानातून उंदरांसाठीची चिकट पट्टी आणली आणि पत्र्यावर ठेवली.

दुपारी त्यात खार अडकली. तो आवाज मी विसरले नाही. मला तर त्या वेळी सातवा महिना होता, काही सुचेना, नुसती "याडी, याडी" करत राहिले. ती आली, हाताला फडकं गुंडाळलं, माझ्या स्वयंपाकातली गोडेतेलाची वाटी उचलली आणि एकेका पायाला तेल लावत, बोटानं डिंक सैल करत खार सोडवली. खारीनं फडक्यातून तिचा अंगठा फोडला. तिनं हात झटकला नाही. खार भिंतीवरून पळाली तशी ती पट्टी घेऊन दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांसमोर गल्ल्यावर आपटली.

"हे घे. माहा बदाम खाते थे, मी मारलं नाई. तुही वायर खाल्ली तं तू मारतं?"

"याडी, वायर जळली असती तर खोली पेटली असती," भाऊ म्हणाले. खोटं नव्हतं ते. "मी आता पत्रेच काढतो. खोली खाली करून घेतो. आणि ती फांदीच काय, झाडच तोडायचा अर्ज देतो. सगळी वस्ती सही करते, बघा."

खोली खाली. मी दुकानाच्या दाराशी उभी राहून ऐकत होते. असल्या दिवसांत कुठं जायचं? माहेरी आई नाही. इतका लांबचा प्रवास डॉक्टरनं नको म्हटलेला. नवऱ्यानं दोन-तीन ठिकाणी विचारलं होतं, पोटुशी बाई बघितली की लोक भाडं वाढवून सांगायचे.

याडीनं अंगठ्याचं रक्त पदराला पुसलं. "हो का?" म्हणाली. गिऱ्हाइकं गल्ल्यापासून मागं सरली. "बदाम उतरेपर्यंत थांब. तुह्या पत्र्यावर खार चढली तं मी माह्या हातानं झाड तोडतो. कुऱ्हाड तू देजो. पन पोरीले तोवर हालवाचं नाई, अन् खारीले माराचं नाई."

"कशा थांबवणार?"

"थे मी पाह्यतो."

वस्तीला तमाशा मिळाला. पहिल्यांदा तिनं बुंध्याला तिखट फासलं. वारा फिरला आणि तिखट तिच्याच डोळ्यांत गेलं, दिवसभर गल्लीभर शिंका. खारींनी तिखटाचा पट्टा टाळून दुसऱ्या बाजूनं वर जायची वाट काढली. मग ती आपल्या आईची जुनी काचळी घेऊन आली, आरशांची चोळी, बंजारा बाया घालतात ती. ती फांदीला टांगली. दोन दिवस खारी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एक आरशापुढं बसून बदाम खाताना दिसली. दुकानावरचे लोक हसून बेजार.

"दोन खारी झाल्या का याडी आता?"

"होऊ दे. येकटी जेवत होती बिचारी."

मग तिनं डोकं लावलं. खार उडत नाही, तिला नखं रोवायला साल लागते. साल मिळालीच नाही तर? तिनं वानखडेभाऊंच्याच दुकानामागून तेलाचे रिकामे पिपे उचलून आणले. कापले, ठोकून सपाट केले, कडा आत दुमडल्या, म्हणजे कुणाला कापायला नको. बुंध्याभोवती तिच्या डोक्याच्या वर, हातभराहून रुंद असा गुळगुळीत पत्र्याचा वेढा घातला. माझ्या नवऱ्यानं हातोडी आणि खिळे आणून दिले. तिनं खिळे परत केले.

"खिया नोको मारू. झाड वाढते. बांधाचं."

गलोलींची ती सगळी रबरं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या तिनं एकात एक ओवल्या आणि पत्रा बांधला. झाड जाड झालं की रबर ताणेल, सोलायला नको. मग आमच्या छपरावर येणारी फांदी माझ्या नवऱ्याकडून कापून घेतली, खार उडी मारू शकणार नाही एवढी लांब. कापलेल्या जागी शेण लावलं. आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीपासून दूर, एका फुटक्या परातीत रोज ज्वारी आणि कुरतडलेले बदाम ठेवायला लागली.

"वाट बंद करतेस तर खायला कशाला घालतेस?" मी विचारलं.

"झाडावर नोको म्हटलं. जगू नोको असं थोडीच म्हटलं?"

गल्लीत बायका म्हणायला लागल्या, याडीनं झाडाले कमरपट्टा केला, सोताच्या गयात मात्र काई नाई. तिला ते आवडलं. "माह्या गयात काय पाह्यता, माह्या लेकीची कंबर पाहा," म्हणायची आणि हात उंच करून कमरपट्ट्यावर थाप मारायची. पत्रा ढण् वाजायचा.

आणि कमरपट्टा चालला. खार पत्र्यापर्यंत यायची, नखं लावायची, घसरायची. पुन्हा यायची, घसरायची. मग खाली बसून शिव्या. आमच्या छपरावर पावलं वाजेनाशी झाली. वटवाघळं, पोपट यायचे, त्यांचं याडीला काही नव्हतं. "वरून येनाऱ्याचा वाटा वेगळा." बदाम पिवळे व्हायला लागले. वानखडेभाऊ जाता-येता मान वर करून बघायचे आणि दुकानात शिरायचे. मी बाळंत झाले, सरकारी दवाखान्यातून लेकीला घेऊन त्याच खोलीत आले. याडीनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "बस. आता सव्वा महिना तुही सत्ता." मला कुणी उठू दिलं नाही. पाणी याडीनं तापवलं, लेकीला न्हाऊ तिनं घातलं, दुखऱ्या गुडघ्यांवर बसून. आई असती तर तिनं यापेक्षा वेगळं काय केलं असतं ते मला सुचत नाही.

दवाखान्यातून आल्यावर चार-आठ दिवसांत एक खार झाडाखाली ओरडायला लागली. नेहमीचं भांडण नव्हतं ते. सकाळपासून एकच सूर. पत्र्यापर्यंत जायची, घसरायची, भोवती फिरायची, पुन्हा वर. परातीतल्या ज्वारीकडं बघेना. याडी न्हाऊ घालता घालता थांबली. लेकीला फडक्यात गुंडाळून माझ्याजवळ दिली आणि बाहेर जाऊन बराच वेळ वर बघत राहिली. वरच्या बेचक्यात कापसाचा एक गोळा होता. माझ्या वाळत घातलेल्या गादीतला कापूस कुणी ओढला ते तेव्हा समजलं. गोळ्यातून बारीक चिवचिव येत होती.

कमरपट्टा बांधला तेव्हाच ती वर असणार. तोवर मुलं झाली. पाणी प्यायला खाली उतरली, घसरत घसरत उतरता येतं, आणि वर जायची वाट बंद.

याडीनं स्टूल ओढलं. मी खिडकीतून बघत होते. ती रबराच्या गाठी सोडवायला लागली. आवाजानं वानखडेभाऊ आले, मागोमाग दुकानावरची चार माणसं आणि भाऊंची बायको, शोभावहिनी.

"काय करून राह्यली याडी? हरली का?" भाऊंनी विचारलं.

"हरलो."

"म्हणजे झाड..."

"बायंतीण हाये," याडी गाठीशी झगडत म्हणाली. "सव्वा महिना कोनी हात लावाचा नाई."

त्याच ळ च्या य नं इथं बाळंतिणीची बायंतीण होते. भाऊंनी खिडकीत लेकीला घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं आणि चेहरा पडला त्यांचा.

"आता? मी कुठं तिले हात लावला? पोरीले कोन काढून राह्यलं? राहू दे की तिले."

"तिले नाई," याडी म्हणाली. मग थांबली. माझ्याकडं बघितलं, वर कापसाच्या गोळ्याकडं बघितलं, आणि पत्रा ढण्कन खाली सोडून दिला. "नाई. बरोबर समजलं तुले. दोघीबी."

खार तिच्या पायांजवळून निघाली, तिच्या हाताखालून सरसर वर गेली. चिवचिव थांबली.

मग भाऊ म्हणाले, "हे चालत नाही याडी. तू सगळ्यांसमोर बोलली होती. खार झाडावर चढली, माझ्या छपरावर यायला तिला काय वेळ?"

"बोललो होतो. कुऱ्हाड आन. पन सव्वा महिन्यानं आन. त्याच्या आंदी झाडाले हात लावला तं माह्या अंगावरून जाशीन."

आणि ती बुंध्याला पाठ लावून खाली बसली, गुडघे पुढं पसरून. त्या गुडघ्यांनी तिला पुन्हा उठता येणार नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. तेच तिचं हत्यार.

भाऊ काही बोलणार तेवढ्यात शोभावहिनी पुढं झाल्या. गल्लीत कधी मोठ्यानं न बोललेली बाई. "माह्या तिन्ही बायंतपनात याडीचा लाडू खाल्ला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी बी खाल्ला, डब्यातून चोरून. सव्वा महिना थांबा. नाई तं दुकानात तुमचा डबा येनार नाई, सांगून ठेवतो."

लोक हसले आणि पांगले. भाऊही गेले.

त्या हंगामातले बदाम सगळे खारींनी नेले. खरंच सगळे. मला जे लाडू मिळाले त्यांत शेंगदाणा होता आणि डब्याच्या तळाशी राहिलेले मागच्या सालचे चार-दोन बदाम. "तुहा वाटा तिनं खाल्ला," याडी म्हणाली. "तिची पयलीच खेप दिसते. तुहीबी पयलीच. भांडू नोको तिच्याशी." मी कशाला भांडते. रोज दुपारी लेकीला पाजताना मी वर बघायची. भीती तर माझ्या पाचवीला पुजलेली. लेक नीट दूध पिते का, तिला ताप आहे का, नवऱ्याचं काम टिकेल का, खोली राहील का. पण वर बघितलं की वाटायचं, पत्र्यावरून शंभर वेळा घसरलेली तीही तिथं आहे.

सव्वा महिना झाला. माझं न्हाणं संपलं, मी देवळात जाऊन आले. पिल्लं काही उतरेनात. भाऊ कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"झाला की महिना."

"तिची सासू आली नाई न्यायले," याडी म्हणाली. "थोडं लांबते पयल्या खेपेले."

भाऊंना हसू आवरलं नाही. त्यांनी ते आवरायचा प्रयत्न केला, म्हणून मला दिसलं.

पुढं एका सकाळी तीन चिमुकल्या खारी बुंध्यावरून उलट्या उतरल्या, आईच्या मागं. परातीपर्यंत गेल्या. याडीनं त्या दिवशी दुपारभर वाट बघितली, कुणी वर उरलं नाही ना याची खात्री केली, माझ्या नवऱ्याला शिडीवर चढवून कापसाचा गोळा तपासला. मगच पत्रा उचलला. पण पत्रा पडल्यामुळं एका बाजूनं चेपला होता, कड उलगडली होती. याडी तोच ठोकत बसली. संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवर तेलाचा एक रिकामा पिपा येऊन बसला. धुऊन, पुसून, वरचं झाकण नीट कापलेला. कुणी ठेवला ते कुणी विचारलं नाही. कुऱ्हाड आलीच नाही. आमच्या छपराखालच्या फटीला मात्र भाऊंनी स्वतः जाळी मारली, आणि मारण्याआधी काठीनं आत ढवळून "कोनी हाये का?" असं विचारताना मी ऐकलं आहे.

नवऱ्याचा कारखाना पुढं बंद पडला आणि आम्हाला गुजरातेत, वापीला यावं लागलं. पुन्हा एक ट्रंक, आता तीन गोधड्या. हे मी इथून लिहिते आहे. इथली भाषाच वेगळी, मराठी ऐकायलाही शेजार नाही. मी अजून घाबरते. पण परवा इथल्या घरमालकानं लेकीच्या रडण्यावरून आवाज चढवला, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "हो का?" त्याला मराठी येत नाही. तरी तो गप्प बसला.

निघालो त्या सकाळी रिक्षा दारात उभी होती. याडी स्टुलावर होती. झाड जाड झालं होतं, रबर ताणून पांढरं पडलं होतं, म्हणून ती एक गाठ सैल करून नवी पट्टी ओवत होती. तोंडात रबर, दोन्ही हात वर, मागं वळता येईना. मी पाया पडायला वाकले ते स्टुलाच्याच पाया पडले.

"उतर ना याडी, एकदा तोंड बघू दे."

"मंग चढवन कोन मले?" तोंडातल्या रबरामुळं शब्द अर्धे आले. "जाय. पोट्टीले भेव शिकवू नोको."

रिक्षा वळली तेव्हा बदामाखाली फक्त ते गोंदलेले हात दिसत होते, आणि वर, पत्र्याच्या वेढ्याखाली, नखं लावून बघणारी एक खार.

याडी, तुला वाचता येत नाही, शोभावहिनी वाचून दाखवतील. गुडघे बदलून घे. सव्वा महिना मी येतो. पाणी मी तापवतो, तुला उठवतो-बसवतो, झाडाची गाठ मी सैल करतो. आणि त्या सव्वा महिन्यात तुला कुणी हात लावला तर बुंध्याला पाठ लावून मी बसलेला असेन.